प्रीतीने, रूबेन

"एक्सक्यूज मी, इंटर्नशिपचं ऑफिस हेच ना?" असं खणखणीत आवाजात विचारत सृष्टीनं जे दार उघडलं, ते नेमकं रेकॉर्डिंगच्या खोलीचं निघालं.

आता लासलगावच्या मुलीचा आवाज तो! ट्रॅक्टरांच्या गलक्यात बापाला हाका मारून मारून कमावलेला. आत भिंतींना गोधड्या टांगलेल्या, मधोमध माइक, आणि माइकसमोर डोळे मिटून प्रार्थना वाचणारा एक उंच, सावळा मुलगा. त्यानं डोळे उघडले. आता हा खेकसणार, असं तिला वाटलं, पण तो चक्क हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडली. ती बघायची नाही असं ठरवूनही सृष्टीनं बघितलीच.

"हेच," तो म्हणाला. "फक्त… हे वाक्य मी सकाळपासून सातव्यांदा वाचत होतो."

"मग आठव्यांदा मस्त होईल," ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

तो रूबेन लोंढे. शरणपूर रोडवरच्या त्या छोट्याशा ख्रिस्ती मीडिया कंपनीचा एडिटर, आणि व्हिडिओंमधला आवाजही त्याचाच. त्याच्या हाताखाली सृष्टीला तीन महिने पोस्टर करायला आणि व्हिडिओ कापायला-जोडायला शिकायचं होतं. नाताळच्या आदल्या दिवशी मुदत संपणार होती आणि जानेवारीपासून पुण्यातली नोकरी ठरलेली होती. घरी तिनं नुसतं 'व्हिडिओची कंपनी' एवढंच सांगितलं होतं. कसले व्हिडिओ, ते आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती जेवून आली, तर स्क्रीनवर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. 'आमेन झाल्या झाल्या कापू नका. तीन सेकंद सोडा. माणसांना डोळे उघडायला वेळ लागतो. प्रीतीने, रूबेन.'

प्रीतीने! तिसऱ्याच दिवशी! सृष्टीनं चिठ्ठी अलगद सोडवून पर्समध्ये ठेवली. संध्याकाळी खोलीवर तिनं ती चिठ्ठी निकिताला, म्हणजे तिच्या रूममेटला दाखवली.

"अगं बाई! हा तर भलताच फास्ट निघाला," निकिता म्हणाली.

"तसं नसेल गं…"

"मग कसं असतं? आमच्या साहेबांनी मला साधं 'धन्यवाद' लिहिलं तरी मी पेढे वाटीन."

झालं! पोरगी हवेत तरंगायला लागली. कानात झुमके काय, केस मोकळे काय! खिडकीतून येणारं उन्हाचा कवडसासुद्धा तिला कुणीतरी मुद्दाम पाठवल्यासारखा वाटायचा. त्याच तंद्रीत तिनं एका पोस्टरवर 'तारणारा'चं 'तरणारा' करून ठेवलं. कंपनीच्या मालकीणबाई, इंदिरामॅडम, चष्मा वर करून म्हणाल्या, "सृष्टी, आपला प्रभू पाण्यावर चालतो बाळ, पोहत नाही." सगळं ऑफिस हसलं. सगळ्यात शेवटपर्यंत रूबेन हसत होता, आणि तिला त्याचाही राग आला नाही.

मग एक दिवस पाण्याच्या रिकाम्या जारवर तिला दुसरी चिठ्ठी दिसली. 'नवनाथभाऊ, उद्या दोन जार जास्त आणा. प्रीतीने, रूबेन.'

नवनाथ म्हणजे जार पोचवणारा, पन्नाशीचा, झुपकेदार मिशांचा गडी. सृष्टीनं चिठ्ठीकडे बघितलं, मग त्या मिशांकडे बघितलं, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"सर, तुम्ही सगळ्यांनाच असं लिहिता?" तिनं शेवटी विचारलंच.

"हो. आमचे आजोबा पाळक होते, चर्चमध्ये उपासना चालवायचे. ते म्हणायचे, चिठ्ठी कुणालाही असो, खाली प्रीती लिहायची. वाण्याला, शेजाऱ्याला, भांडलेल्या भावालासुद्धा. का? तुम्हाला काय वाटलं?"

"मला? मला काय वाटायचंय!"

गैरसमज गेला हो, पण त्याच्या पाठोपाठ आत शिरलेलं काही बाहेर जाईना. हेडफोनची एक बाजू तिच्या कानाला लावून "ऐक… इथं श्वास ऐकू येतो बघ," असं तो म्हणायचा, तेव्हा तिला स्वतःचाच श्वास ऐकू यायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. नाताळच्या चित्रीकरणाला ते पहाटे गंगापूर धरणावर गेले. पाणी दिसेना, पलीकडचा काठ दिसेना, सगळीकडे नुसतं दुधासारखं धुकं. गारठलेल्या तिच्या हातात त्यानं न बोलता आपले मोजे कोंबले, हातमोजे नव्हते म्हणून पायातले! ती इतकी हसली की ते चित्रीकरण पुन्हा करावं लागलं.

आणि डिसेंबरात ते सुरू झालं. 'संगीत जरा हळू कर. रूबेन.' दुसऱ्या दिवशी, 'शेवटचं अक्षर मोठं हवं. रूबेन.' नुसतं रूबेन. सृष्टीनं चोरून इतरांच्या चिठ्ठ्या बघितल्या. इंदिरामॅडमना प्रीती होती. नवनाथला प्रीती होती. वीज मीटरचा फोटो घ्यायला येणाऱ्या माणसालासुद्धा प्रीती होती. तिच्या एकटीच्याच चिठ्ठीतून ती गेली होती.

माझं काय चुकलं? तिला झोप लागेना, जेवण जाईना. तीन दिवस उरले, मग दोन. हा माणूस मनात अढी ठेवून असा कोरडा निरोप देणार, आणि आपण पुण्याला जाऊन जन्मभर विचार करत बसणार… नाही जमायचं, तिनं ठरवलं.

तेवीस तारखेला दुपारी नाताळचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला. फाइल तयार व्हायला बारा मिनिटं दाखवत होतं. खोलीत दोघंच.

"रूबेन, माझ्यावरच काटकसर का?"

"कसली?"

"नाटकं नको करूस. नवनाथभाऊंना प्रीती आणि मला ठेंगा! काय केलं मी?"

तो स्क्रीनकडेच बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुला लिहायला घेतो ना… तर हात थांबतो," तो म्हणाला. "इतरांना लिहितो ती आजोबांची प्रीती आहे. तुला लिहिली तर… ती माझी होते. आणि मी तुझा सीनियर. तू कामाला आलीस, उद्या निघालीस. चिठ्ठीआडून कसं सांगू?"

"मग तोंडानं सांग."

"प्रेम करतो मी तुझ्यावर," तो म्हणाला. रोज माइकसमोर इतका सुंदर बोलणारा तो मुलगा त्या चार शब्दांत दोनदा अडखळला.

सृष्टीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. "शहाणा! महिनाभर रडवलंस मला. माझंही आहे रे तुझ्यावर… पहिल्या दिवसापासून."

"पण तुझ्या घरचे? आणि पुणं?"

"पुणं काही सातासमुद्रापार नाही. घरचं मात्र…" तिनं मोठा श्वास घेतला. "आत्ता नाही सांगितलं तर माझ्याच्यानं कधीच होणार नाही."

तिनं फोन लावला. पलीकडून बाजार समितीतल्या लिलावाचा गलका ऐकू आला.

"आप्पा, रविवारी घरी येतेय. एक पाहुणा आणते."

"आण की. कोन हाय?"

"मला आवडतो तो. लग्न करीन तर त्याच्याशीच. रूबेन नाव आहे… ख्रिश्चन आहे, आप्पा."

पलीकडे लिलावाचा गलका तेवढा चालू. सृष्टीनं डोळे गच्च मिटले. रूबेननं तिचा हात धरला.

"तुझ्या आईला मी सांगतो," आप्पा शेवटी म्हणाले. आवाज जड झाला होता. "लय रडंल ती. तू रविवारीच बोल… आन् मीबी आधी बघनार त्याला, मग काय ते. काय गं, आपला ठेचा खातो का त्यो?"

सृष्टीनं भरल्या डोळ्यांनी रूबेनकडे बघितलं. "ठेचा खातोस का, विचारतायत."

"मला तिखट अजिबात सोसत नाही गं," तो घाबरून कुजबुजला.

"खातो, आप्पा!" सृष्टी फोनमध्ये ओरडली. "भाकरीवर भरपूर घेऊन खातो!"