पायांशी कोण

"मला झोपवायचं नाही," मी भूल देणाऱ्या डॉक्टर चिदुबेमना बजावलं. "फक्त कमरेखालची भूल द्या."

नायजेरियातल्या ओवेरीच्या त्या दवाखान्यात सगळेच माझ्यावर वैतागले होते. सासूबाई तर दारातच म्हणाल्या, "उझोमा, पोट कापताना जागं राहायची कसली गं हौस? गुपचूप झोप, उठल्यावर बाळ घे."

"माझी आई अशीच गुपचूप झोपली होती, सासूबाई."

माझ्या वेळी आईला पूर्ण भूल दिली आणि ती उठलीच नाही. माझं पहिलं रडणं तिने ऐकलं नाही. मला माझ्या बाळाचं ऐकायचंच होतं, मग कुणी हट्टी म्हणो की आगाऊ.

पाठीत सुई गेली. डॉक्टरांनी पायाला चिमटा काढला.

"कळतंय?"

"नाही."

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. कळलं नाही तर नाहीच म्हणते.

पडद्यापलीकडे मुलगी रडली. मी ऐकलं, आणि हसता हसता मलाच रडू फुटलं.

नंतरच्या खोलीत मला हुडहुडी भरली. सिस्टर एबेरेनी पांघरूण घातलं. "पाय हळूहळू जागे होतील, घाई करू नका." त्या वळल्या आणि कुणीतरी माझे तळवे दाबू लागलं. ऊबदार हात होते. पामच्या बियांच्या तेलाचा वास आला. मला वाटलं, सासूबाई. पण त्या तर खिडकीशी मिरीचं सूप ओतत होत्या.

"पायांशी कोण आहे?"

"कुणी नाही." सिस्टरनी पुन्हा चिमटा काढून पाहिला. तो कळला नाही. हात मात्र बोटाबोटांतून फिरत होते.

सासूबाईंनी डबा खाली ठेवला. "ओमुग्वोला पोरीची आईच येते," त्या पुटपुटल्या. "बाळंतिणीला शेकायला, चोळायला."

मला भीती नाही वाटली, संताप आला. माझ्या आजारपणात, माझ्या लग्नात कुठे होती ही?

"पाय दाब हवे तेवढे," मी मोठ्याने म्हणाले. "पण बाळाला हात लावायचा नाही. ती माझी आहे. तिचं रडणंही माझं आहे."

हात थांबले.

पाळण्यात मुलगी गाढ झोपली होती. जवळ कुणीच नव्हतं.

ती एकदम कळवळून रडली.

सासूबाईंनी दुपटं उघडलं. इवल्याशा तळव्यावर चिमट्याची ताजी लाल खूण होती. त्या खुणेवर तेच तेल चोळलेलं होतं.