आमच्याकडचं 'नाही'

'संस्कृती म्हणजे काय' हा ग्रंथ आठ खंडांचा. ग्रंथालयात तो तीस वर्षं होता आणि वाळवीखेरीज कुणी तो पुरता वाचला नव्हता. त्याचा पहिला खंड छातीशी धरून ग्रंथपालबाई बाइंडरच्या दुकानात शिरल्या. वय सव्वीस, 'बाई' हे केवळ खुर्चीमुळे.

"यात आहे तरी काय?" खळीचा ब्रश बाजूला ठेवत बाइंडरनं विचारलं.

"संस्कृती म्हणजे काय, ते."

"मग काय असते?"

"पहिल्या खंडात नाही सांगितलेलं."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरासा मिटायचा... आणि बाईंचं लक्ष नको तिथं गेलं.

"चहा घेणार?"

"छे, नको!"

"बरं," म्हणून त्यानं एकट्यानंच चहा घेतला. निवांत, फुंकर घालून.

बाई थक्क! जन्मात कुणी त्यांचं पहिलं 'नको' इतकं मनावर घेतलं नव्हतं. कंजूष म्हणावा, तर न सांगता खंडाला रेशमी खूणफीत लावून दिली. तुसडा म्हणावा, तर दारापर्यंत सोडायला आला. हा प्राणी आहे तरी कसा?

या कुतूहलापोटी उरलेले सात खंड त्यांनी एकेक करून नेले. एकदम नेले असते तर एका खेपेत काम झालं असतं, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

आठवा खंड शिवताना मान वर न करताच तो म्हणाला, "आता तुमचं येणं संपलं... माझ्याशी लग्न कराल?"

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तोंडातून घरचं सव्वीस वर्षांचं वळण बाहेर पडलं — "इश्श! नाही बाई!"

आणि त्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या.

"बरं," तो म्हणाला. दोरा तोडला. खंड कागदात गुंडाळून हातात दिला.

"परत विचारलंसुद्धा नाही?" घरी आई म्हणाली. "असली कसली माणसं!"

बाईंना घास गेला नाही. आयुष्यात एकच माणूस आवडला, तोही स्वतःच्याच तोंडानं घालवला! सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या पायरीवर हजर.

"तुम्ही परत का विचारलं नाहीत?"

"तुम्ही नाही म्हणालात."

"अहो, पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं! दुसऱ्यांदाही. हो म्हणायचं ते तिसऱ्यांदा. आधी म्हणतो तो हावरट. जगात सगळीकडे असंच असतं!"

"आमच्याकडे परत विचारलं की वडील कान धरतात. म्हणतात, समोरच्यानं एकदा सांगितलं ना? त्याला खोटं ठरवतोस?"

दोघं एकमेकांकडे परग्रहावरून आल्यासारखं पाहत राहिले.

"म्हणजे तो चहा..."

"मला वाटलं, तुम्हाला आवडत नाही. आठही वेळा."

"जीव टाकते मी चहावर!"

मग बाईंनी घसा खाकरला. "तर आता तुमच्या रीतीनं. एकदाच विचारणार — माझ्याशी लग्न कराल?"

त्यानं क्षणभर विचार केला, चेहरा गंभीर केला. "नाही."

"ठीक... ठीक आहे," म्हणत बाई वळल्या —

"अहो, चाललात कुठं?" तो घाबराघुबरा झाला. "मी तुमच्या रीतीनं नाही म्हणतोय! विचारा की अजून दोनदा!"

बाईंनी विचारलं. दुसऱ्या 'नाही'पर्यंत त्यानं कसाबसा दम धरला. तिसरा प्रश्न 'माझ्या...'पर्यंतच पोचला होता, तेवढ्यात तो "हो" म्हणून मोकळा झाला — अगदी हावरटासारखा.