कबरस्तानातली एकतीस रोपं

यमीमाला पहिल्यांदा दिसली ती त्याची पाठ. कबरस्तानाच्या फाटकाशी मोटारसायकल उभी, तिच्यावर दोरीनं आवळलेला निळा प्लॅस्टिकचा ड्रम, आणि एक तरुण वाकून तिच्या करंजाच्या रोपाला बादलीनं पाणी घालत होता. न सांगता कुणीतरी पाणी घालतंय, हे बघून तिला क्षणभर बरं वाटलं. मग वास आला... आंबूस, नाकात झोंबणारा.

“या ड्रममध्ये आधी काय होतं?”

तो दचकला. “काय की. कंपनीच्या भंगारातनं घेतला. दोनदा धुतलाय.”

“काय की?”

“लेबल निघालं हाय ना त्याचं.”

यमीमानं डोळे मिटून मोठा श्वास घेतला. मागच्या पावसाळ्यात चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रवचनात सांगितलं होतं, देवानं माणसाला बाग राखायला दिली होती, उजाड करायला नाही. ते ऐकून दौंडच्या चर्चच्या मंडळीनं मोठ्या उत्साहानं इथं एकतीस रोपं लावली, प्रत्येक घरानं एक सांभाळायचं ठरलं. नाताळापर्यंत चार घरं उरली. आता २००३चा कोरडा मार्च, आणि पाणी घालायला एकटी यमीमा. आठवडाभर शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक, रविवारी पाणक्या.

“किती रोपांना घातलंत?”

“सहा.” तो ओशाळून म्हणाला, “आमच्या आज्जीची कबर हाय इथं. म्हटलं, शेजारच्यांना बी पाजावं.”

तिला हसू येत होतं, त्याचाच तिला जास्त राग आला. तिनं त्याच्या हातात कुदळ दिली आणि सहाही आळ्यांतली ओली माती उपसायला लावली. माती उपसता उपसता त्यानं सांगितलं — नाव शांतवन, गाव न्हावरे, कुरकुंभला केमिकल कंपनीत कंत्राटी कामाला, तिन्ही पाळ्या.

पुढच्या रविवारी चार रोपं जळाली होती. शांतवन त्यांच्यापुढं मान खाली घालून उभा राहिला.

“आता काय करायचं?”

“दर रविवारी यायचं. चार नवी लावायची आणि जगवायची.”

तो येऊ लागला, पण कसा? एकदा रात्रपाळी करून आला आणि बादली मांडीवर घेऊन भिंतीला टेकून झोपला. एकदा करंज सांगितलं तर गुलमोहर घेऊन आला, का तर तुम्हाला फुलं आवडतील. महिला मंडळाच्या सोजराबाई हे सगळं बघत असायच्या. त्या एकदा म्हणाल्या, “पोरी, तू याच्यावर ओरडतेस तेवढं कुणी नवऱ्यावरसुद्धा ओरडत नाही.”

“तुम्ही हसता कवा?” एकदा त्यानं विचारलं.

“पाणी मुळाशी पडलं की.”

त्यानं तांब्या अगदी मुळाशी नेला, धार बारीक केली, आणि मान वर करून तिच्याकडं बघत राहिला... यमीमानं तोंड कुंपणाकडं फिरवलं.

मे महिन्यात मंडळीच्या सभेत वडीलमंडळातले शमुवेलमामा उठले. कुरकुंभची एक कंपनी पंचवीस रिकामे ड्रम फुकट देत होती. झाडांना होतील, सणाच्या जेवणाला प्यायचं पाणीही भरता येईल. यमीमा उभी राहिली, जळालेल्या रोपांचं बोलली. मामा शांतपणे म्हणाले, “फुकट देणाऱ्याच्या हेतूवर शंका घेऊ नये.” माना त्यांच्या बाजूनं डोलल्या. तिनं शांतवनकडं पाहिलं. तो फरशीकडं बघत बसला होता.

त्यानंतर दोन रविवार तो आलाच नाही. यमीमानं एकतीसही रोपांना एकटीनं पाणी घातलं, आणि प्रत्येक रोपाशी त्याला मनातल्या मनात एक शिवी दिली. तिचे आजोबा पाळक होते, त्यामुळं शिव्याही तेवढ्याच सौम्य.

तिसऱ्या रविवारी उपासना संपताच तो मंडळीसमोर उभा राहिला. हातात एक कागद होता.

“मामा, ड्रमात काय असतंय ते मी कंपनीच्या स्टोअरमध्ये विचारून लिहून आणलंय. कितीबी धुतले तरी प्यायच्या पाण्याला चालायचे न्हाईत. कबरस्तानातली चार झाडं बी मीच मारली. वास येत हुता, तरी घातलं पाणी.”

शमुवेलमामांनी कागद दोनदा वाचला. “बरं झालं सांगितलंस,” ते म्हणाले, आणि ड्रम नाकारायचं ठरलं.

बाहेर पायरीवर यमीमानं त्याला गाठलं.

“त्या दिवशी गप्प का बसलात?”

“तवा ठाऊक न्हवतं. ठाऊक नसताना काय बोलायचं?”

“मग दोन रविवार कुठं होता?”

“विचारत हुतो, ज्याला त्याला. शेवटी ठेकेदार म्हणाला, तुला लई प्रश्न पडत्यात, उद्यापासनं येऊ नको.”

ती पायरीवर बसली. “म्हणजे नोकरी गेली. आणि हे तुम्ही असं... सहज सांगताय.”

“तुम्ही ओरडाल म्हणून हळूच सांगितलं.”

“ओरडू नको तर काय करू? कुणी सांगितलं होतं तुम्हाला—” तिचे डोळे भरून आले, आणि ते त्याच्यासमोर भरून आले याचाही तिला वैताग आला.

“यमीमा—” एरवीसारखं मॅडम न म्हणता त्यानं तिला पहिल्यांदाच हाक मारली. “एक विचारायचं हुतं. पर आता काम बी न्हाई... वेळ चुकीची हाय.”

“आजवर एक तरी गोष्ट वेळेवर केलीत का? विचारा.”

त्यानं विचारलं. अडखळत, दोनदा सुरुवात करून.

“हो,” ती म्हणाली. “पण उद्यापासून काम शोधायचं. आणि बाबांशी मी बोलेन. तुम्ही बोललात तर सगळं खरं सांगून टाकाल.”

त्यानं ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी रेल्वे कॉलनीतल्या तिच्या घरी येऊन त्यानं तिच्या बाबांना सगळं सांगितलं. काम गेल्याचं, चार रोपं मारल्याचं, आणि लग्न करायचंय तेही. बाबांनी खुर्ची पुढं सरकवली. मग म्हणाले, “बसा. चहा घ्या.”

आत यमीमानं कपाळावर हात मारला, आणि चहात आणखी एक कप दूध वाढवलं.