पावलाआधीचं पाऊल

बाळाबाईंच्या भावाला जुळी नातवंडं झाली, त्या २०४१ साली गडहिंग्लजात गुडघ्याखाली पट्टा बांधून फिरणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नसे. अर्धांगवायूने पाऊल लोंबू लागलं की डॉक्टर पट्टा देत. पट्टा शिरेला विजेची बारीक टिचकी देई आणि पाऊल वर उचले. बाळाबाई त्याच्या जिवावर सगळा बाजारहाट करत. पण पंचमी जवळ आली, गल्लीत बायकांचा झिम्मा सुरू झाला, की त्या कडेला बसत.

"बाळे, तू आपली गाणी म्हण," शेवंता म्हणाली. ती त्यांची लहानपणापासूनची झिम्म्यातली जोडीदारीण. "तुझा पाय म्हंजे कचेरीतला कारकून. काम करतोय, पण त्याच्या सवडीनं!"

सगळ्या खदखदून हसल्या. बाळाबाईही हसल्या, पण बोल जिव्हारी लागला. घरी येताच त्यांनी भाचीला गाठलं. ऋतुजा असल्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिही.

"ऋतू, यंदा मी शेवंतीसंगं नाचणार. कडेला बसून गळा काढणार न्हाई."

ऋतुजाने पट्टा संगणकाला जोडला, प्रोग्रॅम वाचला आणि कपाळावर हात मारला.

"आत्या, यातली चिप टिचकी देते आणि पुढच्या टिचकीपर्यंत स्वतःच आकडे मोजत बसते. मोजताना ती ठार बहिरी. मध्येच तू पाय झपाट्यानं टाकलास, तर तिला कळणार कसं?"

"म्हंजे डाळ शिजस्तोवर कुकरपुढं उभं ऱ्हायाचं?"

"अगदी! खरं तर चिपमध्ये मोजायला वेगळा टायमर असतो. तो आपला आपण मोजतो आणि वेळ झाली की शिट्टी देतो. तोवर चिप कणीक मळायला मोकळी."

ऋतुजाने मोजणी टायमरकडे सोपवली. दोन पावलांमधला वेळ टायमर मोजणार, त्यावरून चिप पुढच्या पावलाचा अंदाज बांधणार. बाळाबाईंनी पट्टा बांधला, एक पाऊल टाकलं, आणि पाऊल वर गेलं ते गेलंच, टेकवता येईना. त्या बगळ्यासारख्या एका पायावर उभ्या.

"अगं, खाली उतरीव की ह्याला!"

"शिट्टी झाली की टायमर खूण करतो, ती पुसायची राहिली गं! चिपला वाटतंय शिट्टी होतेच आहे, म्हणून टिचक्या देतच सुटलीय."

"मग गॅस बंद कर की, भवाने!"

दोघी पोट धरून हसल्या. खूण पुसली गेली आणि पाय खाली आला.

पंचमीला बाळाबाई फेरात उतरल्या. शेवंताने टाळी दिली, गाणं चढत गेलं, आणि पाय त्याच्याबरोबर चढत गेला. शेवटच्या कडव्याला तर शेवंतालाच धाप लागली.

"थांब की गं, बाळे! जीव घेतीस काय?"

बाळाबाईंच्या मनात मात्र वेगळंच आलं. पाऊल टाकावं असं वाटायच्या आधीच, अगदी केसभर आधी, ते उचललं जात होतं. घामेजल्या चेहऱ्याने त्या ऋतुजाजवळ आल्या.

"ऋतू, आत्ता नाचलं कोण? मी, का तुझं ते मोजणारं?"

ऋतुजा वाकून पट्ट्याकडे बघू लागली. तिचा गोंधळलेला चेहरा बघून बाळाबाईंना हसू फुटलं.

"असू दे. झिम्मा कधी कुणी एकटीनं खेळलीया का गं?" म्हणत त्या पुन्हा फेरात शिरल्या.

त्यानंतर त्यांनी एकही पंचमी कडेला बसून काढली नाही. बाळाबाई २०४७ च्या चैत्रात, पाडव्यानंतरच्या सोमवारी वारल्या.