शंभर वॅट

जपानमधल्या मुरोरानच्या तंत्रविद्यालयात वाफेच्या इंजिनाची चाचणी दोघांनी घ्यायची असते. एकाने मापकाकडे बोट दाखवून आकडा मोठ्याने वाचायचा, समोर स्टुलावर बसलेल्याने तो परत म्हणून लिहायचा. तीस वर्षं कुमागाई सर वाचत आणि ओनोदेरा सर लिहीत. गेल्या हिवाळ्यात ओनोदेरा वारले. घरी एकटे राहणारे कुमागाई तेव्हापासून सुट्टीच्या दिवशीही इंजिनाजवळ येऊन बसू लागले.

तेव्हापासूनच मेळ बसेना. भट्टीने दिलेली उष्णता एकीकडे. चाकाचं काम, बाहेर गेलेली वाफ, तापलेल्या नळ्या दुसरीकडे. दर वेळी शंभर वॅट कमी. आज उष्णतेच्या जमाखर्चाचा तक्ता जुळला नाही, तर सोमवारी इंजिन भंगारात जाणार होतं.

शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी इगाराशी वही घेऊन उभी होती. ती ओनोदेरांच्या स्टुलावर कधी बसत नसे.

"सर, 'इतर गळती'त शंभर वाढवून टाकू. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना. उष्णता हरवत नसते, पोरी. कुठेतरी जाते. ते कुठेतरी शोधायचं."

त्यांनी एकेक नळी चाचपली. वाकताना आधारासाठी हात स्टुलावर टेकला आणि तिथेच राहिला.

बैठक कोमट होती.

तापमापी ठेवली. छत्तीस. स्टूल बाहेर बर्फात नेऊन ठेवलं. अर्ध्या तासाने पाहिलं, तरी छत्तीस. पायांशी बर्फ विरघळला होता.

"बसलेला माणूस शंभर वॅट देतो," इगाराशी हळूच म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

"देतो. घेत नाही."

"जिवंत माणूस, सर."

कुमागाईंनी स्टूल आत आणून जागेवर ठेवलं. तक्त्यात शंभर वॅटांपुढची जागा कोरी सोडली, खाली सही केली आणि तक्ता कचेरीत पाठवला.

सोमवारी ट्रक आला आणि इंजिन घेऊन गेला. निरोप घेताना इगाराशी म्हणाली, "सर, तुम्हीही निघा आता. गारठाल."

"निघतो. तू हो पुढे."

ती गेली. भट्टी विझलेली, खोली शून्याखाली दोन. जमिनीवर इंजिनाच्या पायाचे चार बोल्ट आणि पलीकडे ते स्टूल.

त्यांनी तापमापी ठेवली. छत्तीस.

उष्णता कुठूनतरी यावी लागते. चाळीस वर्षं त्यांनी पहिल्या तासाला हेच शिकवलं होतं.

बोटांची टोकं पांढरी पडली होती. कुमागाई दुसरं एक स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले. तापमापी जिभेखाली धरली.

चौतीस.

दार चार पावलांवर होतं.

काही वेळाने पुन्हा पाहिलं. तेहेतीस. शेजारी छत्तीसच.

त्यांनी अंगातला कोट काढला आणि त्या रिकाम्या स्टुलावर नीट पांघरला.