नऊ मुठी सत्तू

मला राग लवकर येतो. घरात सगळ्यांना माहीत आहे, शाळेतल्या मुलींनाही माहीत आहे, त्यामुळे इथे तो लपवण्यात अर्थ नाही. राग लपवायला गेलं की खोटं बोललं जातं. मी एकदा बोलले, तेवढं पुरे.

आमचं घर राजा घाटामागच्या गल्लीत. गच्चीवरची खोली आम्ही परदेशी विद्यार्थ्यांना भाड्यानं देत असू. १९९४च्या उन्हाळ्यात सतार शिकायला आलेला एक जर्मन मुलगा कावीळ होऊन घाईघाईनं परत गेला आणि एक झोळी मागे राहिली. तिच्यात नियमांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि सहा फासे. त्यातला एक वीस बाजूंचा, काळा, बोराएवढा.

नियम असे. एकानं जग चालवायचं. डोंगर, गावं, राक्षस, पाऊस, सगळं त्यानं सांगायचं. बाकीच्यांनी एकेक माणूस मनानं रचायचा आणि त्या जगात त्याच्या तोंडून बोलायचं. पुढे काय होणार हे ठरेना की फासा टाकायचा. मी गणित शिकवते. मला तो खेळ वाचताक्षणी आवडला. तीन महिने खपून मी एक जग तयार केलं. नकाशा काढला, अकरा गावं वसवली, प्रत्येक गावच्या विहिरीची खोली लिहून ठेवली.

खेळायला तिघं मिळाली. माझा धाकटा भाऊ निमिष, शेजारची बँकेत लागलेली अंतरा आणि माझा आतेभाऊ ढुंढिराज. ढुंढी तेव्हा तेवीस वर्षांचा, दशाश्वमेधावर भिक्षुकी करायचा. महाराष्ट्रातून येणारी यजमान मंडळी त्याच्यावर खूश असत. आवाज गोड, तोंडात सदा पान, आणि कुठल्याही गोष्टीचा मजाक करायची सवय. वडील नव्हते. तो आणि प्रमोदिनीआत्या, दोघांचं पोट त्या घाटावर.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी तीनला सगळे बसले. मी म्हटलं, "आपापला माणूस सांगा. नाव, गाव, काय करतो." निमिषनं धनुर्धर केला, अंतरानं चोर. ढुंढीनं तांब्या-ताम्हन मागितलं. उजव्या तळहातावर पाणी घेतलं, डोळे मिटले आणि सरळ संकल्प सोडला. भागीरथ्याः पश्चिमे तीरे, वार, तिथी, नक्षत्र, सगळं बरोबर. "वज्रनाभ नावाचा, गोत्र माहीत नाही म्हणून काश्यप, बारा रविवार या जगात राहील." आणि पाणी ताम्हनात सोडलं.

"ढुंढी, हा खेळ आहे," मी म्हटलं.

"मग काय झालं ताई? माणूस आणायचा तर नीट आणू. मला दुसरी पद्धत येत नाही."

मी सोडून दिलं. प्रत्येकाच्या कागदावर त्याचा शिधा लिहायला लावला, बारा मुठी सत्तू, बारा उभ्या रेघा. प्रवासाचा एक दिवस झाला की पेन्सिलीनं एक रेघ खोडायची. कुणी खोडेल तर शपथ! दर रविवारी मला ओरडावं लागे. तीन महिने घासून केलेल्या जगात ही माणसं चिवडा खात लोळत होती. मी आखलेल्या वाटेनं कुणी जात नव्हतं. राक्षस समोर आला तर ढुंढीनं त्याच्याशी दक्षिणेची घासाघीस केली आणि त्याच्या बापाचं श्राद्ध लावून दिलं. निमिष आणि अंतरा हसून हसून गडाबडा लोळली. माझ्या अंगाची नुसती आग होत होती, कारण खरं सांगायचं तर त्याचा वज्रनाभ माझ्या अकरा गावांपेक्षा जिवंत होता.

पाचव्या रविवारी ते दोरांच्या पुलावर होते. वज्रनाभ सर्वांत मागे. मी पूल तुटतोय असं सांगितलं. ढुंढी पान चघळत अंतराला म्हणाला, "ताईला सगळं मोजता येतं. खेळता येत नाही बिचारीला."

अंतरा हसली.

जिवावरचा फासा मी टाकायचा, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याआड, असा नियम होता. बाराच्या वर आले तर वाचला. मी टाकला. सतरा पडले. मी ते सतरा डोळ्यांनी पाहिले आणि म्हटलं, "चार."

ढुंढीचं चघळणं थांबलं. "मेला?"

"मेला."

"ताई, फाशाशी बेइमानी नाही ना केलीस?"

"मी?" असा आवाज चढवला की त्यानं मान खाली घातली. मी त्याचा कागद ओढून घेतला. बारातल्या तीनच रेघा खोडलेल्या होत्या, त्याही माझ्या ओरडण्यामुळे. कागद आणि फासे ट्रंकेत टाकले, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये. खेळ संपला, असं जाहीर केलं. मला फार बरं वाटलं. संध्याकाळपर्यंतच.

दहाव्या दिवशी ढुंढी सकाळीच आला. "नाव घेतलंय, गोत्र दिलंय. बाराचा शब्द होता, पाचांत गेला. असा कसा सोडू? पिंड ठेवतो." राजा घाटाच्या खालच्या एका पायरीवर त्यानं भाताचा पिंड ठेवला, वर तीळ. आम्ही चौघं मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागलो. इथली हिंदी मंडळी कावळ्यासाठी एवढं अडून बसत नाहीत. आपली माणसं तासन्‌तास बसतात. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग त्याला शब्द द्यायचा.

भिंतीवर वीसेक कावळे होते. एकही हलला नाही.

"वज्रनाभा, तुझी तलवार मी सांभाळीन," निमिष हसत म्हणाला. अंतरानं त्याच्या घोड्याला चारा कबूल केला. ढुंढीनं उरलेल्या सात रविवारांबद्दल क्षमा मागितली. तो हसत नव्हता. दोन तास गेले. काय बोलायला हवं ते मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी दात आवळून उभी राहिले. एका कागदी माणसासाठी मी या पोरांसमोर खोटी ठरू? शेवटी ढुंढीनं दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि पिंड गंगेत सोडला.

त्या आठवड्यापासून ढुंढीनं ठेवलेल्या पिंडाला कावळा शिवेना.

पहिल्यांदा कुणी लक्ष दिलं नाही. मग नागपूरचे एक यजमान भोसले घाटावर दुपारपर्यंत ताटकळले. शेजारच्या भटजींच्या पिंडावर कावळे तुटून पडत होते आणि ढुंढीच्या पिंडाभोवती हातभर जागा मोकळी. दर वेळी दर्भाचाच कावळा. घाटावर असली गोष्ट लपत नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दहाव्याची कामं बंद झाली, दिवाळीपर्यंत सगळीच. त्याचं पान सुटलं. आत्या शिकवण्या शोधू लागली, मग आजारी पडली.

मी योगायोगावर विश्वास ठेवते. तो मोजता येतो. एका दुपारी मी ट्रंक उघडली, कागदांना हात न लावता काळा फासा काढला, आणि दोनशे वेळा टाकून आकडे लिहिले. सतरा एकदाही आले नाहीत. अठ्ठावीस हजारांत एखाद्या वेळी असं होऊ शकतं. फासा परत ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं आणि ढुंढीवरच चिडले. कशाला सोडला होता संकल्प? कुणी सांगितलं होतं?

९६च्या माघात प्रमोदिनीआत्या गेली.

दहाव्याला बायका सहसा घाटावर जात नाहीत. मी गेले, त्याच राजा घाटावर. ढुंढी स्वतः पिंड ठेवत होता, स्वतःच्या आईचा. भाऊबंद, शेजारी, सगळे मागे सरले. कावळे भिंतीवर.

"प्रमोदिनी, ढुंढीला आम्ही अंतर देणार नाही," बाबा म्हणाले.

"आई, मी नोकरी धरीन," ढुंढी म्हणाला. "आई, मी नीट जेवेन." शेवटी "आई, तू तरी," एवढंच म्हणाला.

एक तास गेला. दोन गेले. कुणीतरी दर्भ आणायला निघालं, तेव्हा ढुंढीनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता, नुसता थकवा. मला त्याचा राग आला, कावळ्यांचा आला, आणि मग स्वतःचा आला.

मी पुढे झाले.

"सतरा होते," मी मोठ्यानं म्हटलं. "चार नाही. सतरा पडले होते. मी खोटं बोलले."

बाबांना वाटलं मला भोवळ येतेय.

एक कावळा उतरला.

तो आत्याच्या पिंडाकडे गेला नाही. तीन पायऱ्या खाली उतरला. तिथे काही नव्हतं, नुसता कोरडा दगड. पंधरा महिन्यांपूर्वी वज्रनाभाचा पिंड होता ती पायरी.

कावळ्यानं दगडावर चोच मारली. मान वर करून गिळलं. पुन्हा मारली. मी मोजत होते. नऊ वेळा.

मग तो उड्या मारत वर आला आणि आत्याच्या पिंडाला शिवला. लोकांनी सुस्कारे सोडले. कुणीतरी ढुंढीच्या पाठीवर हात ठेवला. भिंतीवरचे सगळे कावळे एकदम खाली आले.

ढुंढी मात्र खालच्या पायरीकडे बघत होता.

"सतरा, म्हणजे तो वाचला होता."

"हो."

"म्हणजे आपण जित्या माणसाला पिंड दिला, ताई." आवाज अगदी सपाट होता. "आणि त्याला पुलावरून आणलंच नाही कुणी."

मी घरी आले, ट्रंक उघडली. किल्ली एवढे दिवस माझ्याच पर्समध्ये होती. निमिषचा कागद वर होता, त्याखाली अंतराचा. दोघांच्या रेघा मी ओरडून खोडायला लावल्या तेवढ्याच खोडलेल्या.

तिसरा कागद वज्रनाभाचा.

त्याच्या बाराच्या बारा रेघा खोडलेल्या होत्या. पहिल्या तीन ढुंढीच्या, घाईघाईच्या. पुढच्या नऊ सरळ, नीट, दर दिवसाला एक खोडावी तशा. दहाव्या दिवशी आम्ही पिंड ठेवला होता.

बारावीच्या पुढे रेघ नव्हती. तरी तिथे कुणीतरी खोडत राहिलं होतं, एकाच जागी, पुन्हा पुन्हा, कागद फाटून आरपार भोक पडेपर्यंत.