झीलकऱ्याचा माइक

सुदर्शनने चौदा वर्षं ध्रुपद घोटलं आणि सात वर्षं खराडीत सॉफ्टवेअरची नोकरी केली. पैकी नोकरीत त्याला बढती मिळाली होती.

ध्रुपद आणि गोंधळ एकत्र बांधायची कल्पना पखवाज वाजवणाऱ्या श्रद्धाची. लोणी काळभोरच्या बजरंग गोंधळ्यालाही तिनेच आणलं. तो तुणतुणं घेऊन सुदर्शनच्या मागे उभा राही आणि झील धरी, म्हणजे ओळीचा शेवटचा शब्द उचलून उंच सुरात लांबवी. एवढंच काम. पण टाळ्या नेमक्या तिथेच पडत.

"तुमचे झीलकरी छान आहेत हो," प्रत्येक कार्यक्रमानंतर कुणीतरी सुदर्शनला सांगून जाई. तो हसून मान डोलवी आणि आतून जळे. चौदा वर्षं ताक याने घुसळलं आणि लोणी गेलं लोणी काळभोरला.

वारज्याच्या रविवार सकाळच्या कार्यक्रमाची सीडी निघणार होती. निदान तिच्यावर तरी आपलाच आवाज राहावा, असं त्याला फार वाटत होतं. शनिवारी त्याने बजरंगला फोन केला.

"उद्याचा कार्यक्रम रद्द झालाय."

"बरं दादा. पर झील कोन धरनार?"

"कार्यक्रमच नाही, तर झील कसली?"

"तसं न्हाई. गानं म्हटलं की झील कुनाला तरी धरावीच लागती."

श्रद्धाला त्याने सांगितलं, बजरंगला ताप आहे. रविवारी मंचावर बजरंगचा माइक मात्र मागे तसाच उभा राहिला.

सुदर्शनने डोळे मिटून पहिली ओळ म्हटली. ती संपता संपता मागून झील आली. बारीक, उंच, ओळखीची. त्याने वळून पाहिलं. माइक होता, माणूस नव्हता. श्रद्धा खाली बघून वाजवत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या ओळीला झील जरा लवकर आली.

तिसरीला मागचा आवाज त्याच्या बरोबरीने निघाला.

पुढचं त्याला नीट आठवेना. फक्त घसा दुखत होता, वरच्या पट्टीत ताणल्यासारखा.

हॉल रिकामा झाल्यावर श्रद्धा हेडफोन लावून एकेका माइकचं रेकॉर्डिंग वेगळं ऐकत बसली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बजरंग आला होता?"

"नाही."

"त्याच्या माइकवर अख्खं ध्रुपद आहे. त्याच्याच आवाजात, आलापासकट."

"आणि माझ्या?"

तिने हेडफोन त्याच्या कानांना लावले. एका ओळीएवढी शांतता. मग एकच शब्द, उंच, लांबवलेला. पुन्हा शांतता. आवाज सुदर्शनचा होता.

"सुदर्शन, खरं बोल. तू बजरंगला काय सांगितलंस?"

त्याला सगळं कबूल करायचं होतं, अगदी मनापासून. त्याने तोंड उघडलं.

"सांगितलंस," तो उंच सुरात म्हणाला, आणि शब्द लांबत गेला.